समितीची शेळी

श्रीरामपूर
५ जुलै २०२५

ती. मरियाअक्का हिस,
धाकट्या याकोबचा सप्रेम सलाम वि. वि.

फोनच करणार होतो. पण मागच्या खेपेला तुझ्या कानापर्यंत पोचायला मला एवढं ओरडावं लागलं की शेजारचे धावत आले आणि घरात कोण गेलं म्हणून आमच्या हिला, ग्लोरियाला विचारू लागले. तेव्हा आपलं पत्रच बरं.

बातमी मोठी आहे. आपल्या चर्चच्या जुन्या पाळकसाहेबांचा नातू नॅथन तुला आठवत असेल. तुझ्या अंगणवाडीत खाऊसाठी दोनदा रांगेत उभा राहायचा. तो आता कॅनडात चांगला स्थिरावला आहे. तुझ्या खडकीमळ्यातल्या चाळीस गरीब बायांसाठी त्याने आपल्या मंडळीच्या ग्रामीण उत्थान समितीकडे दहा लाख रुपये पाठवायचं ठरवलंय. प्रत्येकीला पंचवीस हजार. निम्म्या बायांचे आत्ता आले, उरलेल्यांचे दिवाळीच्या सुमारास येतील. पैसे बायांच्या हातात द्यावेत आणि कशाला हवेत ते विचारू नये, असं त्याने लिहिलंय. मुलगा मनाने फार चांगला आहे, पण इतकी वर्षं लांब राहिल्यामुळे त्याला इथली काही कल्पना राहिलेली नाही.

समितीचा अध्यक्ष म्हणून मी या विषयावर चार बैठका घेतल्या. भजी प्रत्येक बैठकीला होती. एकमताने असं ठरलं की गरिबाच्या हातात रोकड देणं म्हणजे त्याचं नुकसान करणं. आधीच सरकारच्या महिन्याच्या पंधराशेने बाया आळशी झाल्यात, खुरपणीला मिळत नाहीत, अशी आपले खजिनदार रॉबिनसाहेब यांची तक्रार आहे. त्यांचा ऊस आहे श्रीगोंद्याकडे, त्यांना अनुभव आहे. म्हणून आम्ही प्रत्येकीला दोन शेळ्या देणार आहोत. शेळी उडवता येत नाही, पिता येत नाही आणि वर्षातून दोनदा विते. त्याआधी तीन दिवसांचं पैशाच्या नियोजनाचं शिबिरही ठेवलंय.

तू गावात राहतेस, तीस वर्षं घरोघर फिरली आहेस. पहिल्या वीस बायांची नावं कळव. खरोखर गरीब असाव्यात, पण वागणुकीने नीटनेटक्या असाव्यात.

गुडघ्याला तेल लावत जा. तुझा लोभ आहेच, तो समितीवरही थोडा असू दे.

तुझा,
याकोब


खडकीमळा, घोडेगावजवळ
१३ जुलै २०२५

चि. याकोब यास,
मरियाअक्काचा आशीर्वाद आणि प्रभूच्या नावात सलाम.

पत्र पोचलं. गुडघे ठीक आहेत, कान होते तसेच आहेत. तू शेळ्या वाटणार हे वाचून मला एकटीलाच इतकं हसू आलं की चहा सांडला. लहानपणी रस्त्यात शेळी दिसली की माझ्या परकराआड लपणारा तू. असो, अध्यक्ष झाल्यावर माणसाची भीती जात असेल.

वीस नावं सोबत आहेत. नीटनेटक्या म्हणजे काय ते मला कळलं नाही, म्हणून फक्त गरीब पाहिल्या.

पंधराशेचं म्हणशील तर रॉबिनसाहेबांना माझा सलाम सांग. पूर्वी आमच्या बाया मालक म्हणेल त्या रोजावर, म्हणेल त्या उन्हात जायच्या. आता घरात चार पैसे असतात, तर एखादी पन्नास रुपये वाढवून मागते, आणि नाही दिले तर घरी बसते. ह्याला आळस म्हणतात हे मला माहीत नव्हतं. रॉबिनसाहेब उसाला भाव वाढवून मागतात त्याला तुमच्या समितीत काय म्हणतात ते विचारून कळव.

आता कामाचं. यादीत पहिलं नाव बनुबाईचं आहे, माझ्या शेजारची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. घोडेगावच्या मार्केटात कांदे निवडायला जाते. तिची निकिता बारावी झाली आणि नगरला नर्सिंगला तिचा नंबर लागला. पहिला हप्ता वीस हजार, तीस ऑगस्टच्या आत. नाही भरला तर जागा दुसऱ्या मुलीला जाते. बनुबाईने सहा महिन्यांच्या पंधराशेला हात लावलेला नाही, ते नऊ हजार तिच्याकडे आहेत. अकरा कमी पडतात. पोरगी रोज संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी वाचायला येते आणि वाचता वाचता कॅलेंडरकडे बघते.

तेव्हा बनुबाईला नॅथनने म्हटलंय तसे पैसेच दे. कॉलेजच्या खिडकीत शेळी घेत नाहीत. बाकीच्यांनाही पैसेच दे म्हणेन मी, कारण कोणाला पत्रा हवाय, कोणाला दवाखाना, आणि हे तुमच्या चार बैठकांना कळणार नाही, त्यांचं त्यांना कळतं. पण निदान हिला दे.

ग्लोरियाला आशीर्वाद. तुझ्यावर माझी माया आहे, शेळ्यांनी ती खाऊ नये एवढंच मागणं.

तुझी अक्का


श्रीरामपूर
१८ ऑगस्ट २०२५

ती. अक्का हिस,
याकोबचा सप्रेम सलाम वि. वि.

कार्यक्रम फार देखणा झाला. तू मागे बसलीस, तुला नीट दिसला नसेल, म्हणून सविस्तर लिहितो.

शिबिराला पुण्याहून व्याख्याते आले होते, स्वतंत्र गाडी करून. त्यांनी बायांना वहीत दोन रकाने आखायला लावले, एकात गरजेच्या वस्तू आणि दुसऱ्यात हौसेच्या. बायांचा दुसरा रकाना कोराच राहिला, त्यावर त्यांनी बायांना विचार करण्याची सवय नाही असा अभिप्राय दिला. तीन दिवस बायांचा रोज बुडाला हे खरं, पण शिक्षणासाठी एवढं सोसावं लागतं. त्यांचं मानधन, गाडी, मंडप, बॅनर आणि जेवण मिळून प्रत्येक बाईमागे सात हजार पडले. ते नॅथनच्या रकमेतूनच वळते केले, कारण खर्च त्यांच्यासाठीच झाला.

शेळ्या घोडेगावच्या बाजारातला आसाराम नावाचा व्यापारी पुरवतो, नऊ हजाराला एक. गोड बोलणारा माणूस आहे, मला गुरुजी म्हणतो. प्रत्येक शेळीच्या कानात समितीचा पिवळा बिल्ला मारला, गळ्यात हार घातले, आणि स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त साधून वाटप केलं. दोन वर्षं विकणार नाही असं स्टँप पेपरवर प्रत्येकीकडून लिहून घेतलं. सगळ्यात सुंदर फोटो तुझ्या बनुबाईचाच आला. कपाळावर पांढरा चांद असलेली काळी शेळी आणि शेजारी ती. आता तो अहवालाच्या मुखपृष्ठावर जाणार आहे.

पण तिने थोडा रसभंग केला. माझं भाषण चालू असताना उभी राहिली आणि शेळ्यांऐवजी पैसे मिळतील का म्हणाली. मी सगळ्यांसमोर शांतपणे समजावलं की शेळी व्याली की करडं होतील, करडं मोठी होतील, आणि दोन वर्षांत मुलीची फी आपोआप निघेल. ती म्हणाली की फी पंधरा दिवसांत भरायची आहे. अशा घाईनेच माणसं गरीब राहतात, अक्का. एकीला दिले तर सगळ्या मागतील, म्हणून मी तत्त्व सोडलं नाही.

प्रत्येक लाभार्थी बाईने नॅथनला पाठवण्यासाठी एक कृतज्ञतापत्र द्यायचं आहे. तेवढं तू लिहून घे. रागावली असशील तर राग पत्रात लिही, मनात ठेवू नकोस.

तुझा,
याकोब


खडकीमळा
८ सप्टेंबर २०२५

चि. याकोब यास,
अक्काचा आशीर्वाद व सलाम.

मला सगळं नीट दिसलं. डोळे चांगले आहेत.

शेळ्यांची खुशाली तू विचारली नाहीस, तरी लिहिते. पहिले दोन दिवस गावात लग्नघरासारखी गडबड होती. मग बाया कामावर निघाल्या आणि प्रश्न पडला की शेळी कोण राखणार. बाई आठ वाजता कांद्यावर जाते ती सहाला येते. शेळी बांधून ठेवली तर दिवसभर ओरडते आणि सोडली तर लोकांच्या घासाच्या पिकात शिरते. एकीच्या शेळ्यांनी ग्रामपंचायतीने नुकतीच लावलेली झाडं खाल्ली, तिला दंड झाला. एकीने चार दिवस रोज बुडवून शेळ्या चारल्या आणि पाचव्या दिवशी घरातलं पीठ संपलं. दोघींना मात्र शेळ्या लाभल्या. त्यांच्या घरी म्हाताऱ्या सासवा आहेत, त्या दिवसभर रानात बसतात. त्या दोघींनी तू विचारलं असतंस तर शेळ्याच मागितल्या असत्या.

मग एक शुक्रवार आला आणि बाजार भरला. मग दुसरा शुक्रवार आला. त्यानंतर गाव पुन्हा शांत आहे.

आता किती शेळ्या उरल्या असं तू विचारणार. मी तीस वर्षं अंगणवाडीत पोरं मोजली, आता मला मोजायचा कंटाळा आलाय.

निकिताची फी एकोणतीस तारखेला संध्याकाळी भरली गेली. खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं होती. आता ती नगरला हॉस्टेलवर आहे. पलंगावरची चादर चारी कोपरे दुमडून ताठ कशी घालायची ते शिकली, आणि परवा सुट्टीला आली तेव्हा माझा पलंग तसा करून गेली. मी रात्री त्यावर झोपले नाही, मोडवेना. पैसे कुठून आले ते विचारू नकोस, म्हणजे मला खोटं लिहावं लागणार नाही.

कृतज्ञतापत्रं एकोणीस पाठवतेय. बनुबाईचं राहिलंय, ती कामात आहे. पत्रांतला मजकूर एकसारखा वाटला तर चकित होऊ नकोस, तुमच्या समितीने नमुना छापून पाठवला होता.

माझा लोभ होता तेवढाच धर.

अक्का


श्रीरामपूर
२७ ऑक्टोबर २०२५

ती. अक्का हिस,
याकोबचा सलाम वि. वि.

माझी आणि समितीची फसवणूक झाली आहे.

नॅथनचे दुसऱ्या वीस बायांचे पैसे आले आणि आम्ही आसारामकडे चाळीस शेळ्यांची मागणी नोंदवली. पैसे अजून त्याला दिले नव्हते हे नशीब. शेळ्या शुक्रवारी इथल्या मैदानात उतरल्या, मुलांनी बिल्ले मारले आणि मी उत्साहाने फोटो नॅथनला पाठवले. दुसऱ्या दिवशी त्याचा ईमेल आला. बायांची सगळी पत्रं वाचून आनंद झाला, असं लिहून त्याने खाली एक शंका विचारली होती. मुखपृष्ठावर बनुबाईसोबत असलेली कपाळावर चांद असलेली शेळी नव्या फोटोतही दिसते आहे, फक्त आता तिच्या कानाला बिल्ल्याशेजारी आणखी एक रिकामं भोक आहे. शेळ्यांचे कान असे टोचायची तिकडे नवीन पद्धत निघाली आहे का?

मी आणि रॉबिनसाहेब मैदानात गेलो आणि एकेक कान तपासला. (मी लांबून.) चाळीसपैकी एकतीस शेळ्यांच्या कानाला दोन भोकं. अक्का, त्या आपल्याच शेळ्या होत्या. बायांनी बाजारात विकल्या, आसारामने साडेपाच हजाराला एक अशा घेतल्या, बिल्ले ओढून काढले, आणि आता आपल्यालाच नऊ हजाराला विकत होता. त्याला बोलावलं. तो मुळीच शरमला नाही. म्हणाला, गुरुजी, तुम्ही शेळ्या मागितल्या आणि मी शेळ्या आणल्या, त्या कुठून आल्या ते शेळी सांगत नाही आणि गिऱ्हाईक विचारत नाही. शेळ्या परत घेऊन गेला.

समितीची तातडीची बैठक झाली. सगळ्यांवर कारवाई करणं अवघड आहे, पण बनुबाईचा फोटो छापून झाला असल्यामुळे तिच्यावर करणं सोपं आहे. ठराव असा: दोन शेळ्यांची किंमत अठरा हजार बनुबाईकडून वसूल करावी. तिने शपथपत्र मोडून मिळवलेल्या पैशांतून मुलीची फी भरली आहे, हे मुलीच्या कॉलेजला लेखी कळवावं, म्हणजे कॉलेज योग्य तो विचार करेल. हा ठराव सोळा नोव्हेंबरला कापणीच्या सणात, लिलाव संपल्यावर, सगळ्या देणगीदारांसमोर मी वाचून दाखवायचा आणि सोमवारी पत्र रवाना करायचं. मला आनंद वाटत नाही. पण शिस्त नावाची काही गोष्ट आहे. तिला काही म्हणायचं असेल तर त्याआधी लेखी यावं. कृतज्ञतापत्र तिने अजून दिलेलंच नाही, त्याऐवजी ते धरू.

लोभाचं काय लिहू. तू समजून घेशील.

याकोब


खडकीमळा
४ नोव्हेंबर २०२५

चि. याकोब यास,

बनुबाई बोलली ते खाली लिहिलंय. एक शब्द माझा नाही. तिला भाषा सुधारून लिहू का विचारलं, तर नको म्हणाली.

“गुरुजींना बनुबाईचा नमस्कार. तुमचं पत्र मरियाबाईंनी वाचून दावलं. शेळ्या मीच इकल्या. लबाडी कशाला करू. तुमी कागदावर लिहून घेतलं हुतं दोन वर्सं इकायच्या न्हाईत, आन म्या अंगठा न्हाई, सही केली हुती. ती मोडली. ती चूक माझी हाय, मी कबूल करते.

पर गुरुजी, शेळ्या मी मागितल्या न्हवत्या. मी उभी राहून पैसं मागितलं, समद्यांम्होरं, आन तुमी मला बशिवलं. दोन शेळ्या अकरा हजाराला गेल्या. तुमी अठराला घेतल्या असं म्हन्तात. मधलं सात हजार मी खाल्लं न्हाईत, ते आसारामला इचारा. अकरा माझं आन नऊ सरकारचं, असं वीस झालं. ती शेळी व्याया बसली असती तर माझी पोरगी कांदं निवडत बसली असती माझ्यावानी. माझी बोटं बगा एकदा, मग काय ते ठरवा.

तुमचं अठरा हजार मी फेडीन. मार्केटात दोन पाळ्या करीन. माझं नाव देवळात वाचा, गावात वाचा, चावडीवर लावा, मला त्याचं काय न्हाई. मी लई ऐकून घेतलंय आजवर. पर पोरीच्या कॉलेजाला पत्र धाडू नका. तिला ह्यातलं काय बी ठावं न्हाई. तिला वाटतंय तुमीच फी दिली. ती तुमचं नाव घेऊन परार्थना करती तिकडं. ते तेवढं राहू द्या.”

आता माझं. एकोणतीस ऑगस्टला घोडेगावच्या बाजारात दोन शेळ्या चालत गेल्या. एकीचं दावं बनुबाईच्या हातात होतं आणि दुसरीचं माझ्या. कानातले बिल्ले झाकायला माझा जुना रुमाल फाडून बांधला होता. भाव मी ठरवला. पाच हजारावर सौदा तुटत होता, साडेपाचपर्यंत मी ओढला. तेव्हा ठरावात एकच नाव घालू नका. दोन घाला, आणि दुसऱ्या नावापुढे अध्यक्षांची सख्खी बहीण, वय त्र्याहत्तर, असं लिहायला विसरू नका.

आशीर्वाद या वेळी लिहीत नाही. सोळा तारखेनंतर बघू.

मरिया


श्रीरामपूर
१८ नोव्हेंबर २०२५

ती. अक्का हिस,
याकोबचा साष्टांग म्हणतात तसा सलाम.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता जसं घडलं तसं सांगतो.

कापणीच्या सणाला मंडळी यंदा भरगच्च होती. उपासना झाली आणि नेहमीप्रमाणे मैदानात लिलाव सुरू झाला. तुला माहीतच आहे, गेली बावीस वर्षं लिलाव मीच पुकारतो, आणि माझ्यासारखा पुकारणारा नाही असं पाळकसाहेबही म्हणतात. एक भोपळा सहाशेला गेला, घेणाऱ्याने देवाच्या नावाने परत केला, मग तोच आठशेला गेला. अंड्यांची टोपली चारदा फिरली. सगळं कसं प्रेमाने चाललं होतं.

मग एक शेळी आली. दान म्हणून आसारामने पाठवली होती. यंदा देवाच्या लोकांनी फार धंदा दिला, म्हणून एक शेळी देवाला, असा निरोप होता. काळी, कपाळावर चांद. मी कान पाहिला नाही, पाहायची गरज नव्हती.

पुकारायला सुरुवात केली. रॉबिनसाहेबांनी दहा हजाराला घेतली आणि परत केली. टाळ्या. डॉक्टरबाईंनी बाराला घेऊन परत केली. टाळ्या. अर्ध्या तासात ती शेळी सात वेळा विकली गेली. पाळकसाहेब म्हणाले, बघा, एका शेळीने देवाचं घर भरलं. मी आठव्यांदा पुकारायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. माझ्या कोटाच्या एका खिशात ठराव होता आणि दुसऱ्यात बनुबाईचं पत्र. आम्ही ती शेळी अर्ध्या तासात सात वेळा विकली तर ती भक्ती झाली. तिने एकदा विकली तर आम्ही तिच्या पोरीच्या कॉलेजला लिहिणार होतो.

अक्का, मी उजव्या खिशात हात घातला आणि पत्र काढलं. ते वाचलं, जसंच्या तसं, तिच्याच बोलीत. तुझा मजकूरही वाचला, वयासकट. वाचताना “माझी बोटं बगा एकदा” इथे मला थांबावं लागलं. मी त्या बाईला सगळ्यांसमोर खाली बसवलं होतं. तेव्हा मला माझ्या भाषणाचा विसर पडू नये याची काळजी होती.

रॉबिनसाहेब उठले आणि म्हणाले की देवाला दिलेलं वेगळं आणि बाजारात विकलेलं वेगळं. तेव्हा बायकांच्या बाजूने आपली ग्लोरिया उभी राहिली. एरवी ती मंडळीत तोंड उघडत नाही. तिने विचारलं की मग बनुबाईने शेळी विकून कोणाला दिलं, स्वतः खाल्लं का? ठराव मी वाचला नाही. कॉलेजला पत्र गेलेलं नाही आणि जाणार नाही. तीन सभासदांनी निषेध म्हणून राजीनामे दिले, जेवण झाल्यावर.

नॅथनला सगळं कळवलं. त्याचं उत्तर दोन ओळींचं आलं. “पैसे बायांच्या हातात द्या, एवढंच मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं, काका.” उरलेल्या वीस बायांचे प्रत्येकी पंचवीस हजार मी आता तुझ्याकडे पाठवतोय. शिबिर नाही, बॅनर नाही, स्टँप नाही. सोबत वेगळ्या पाकिटात चौदा हजार आहेत, ते माझ्या पेन्शनमधले. नॅथनने बनुबाईला पंचवीस दिले आणि तिच्या हाती अकरा पडले. मधले आम्ही वाटेत गाळले, शिकवण्यात आणि हार घालण्यात. तिचेच आहेत म्हणून दे. निकिताचा दुसरा हप्ता नाताळाआधी आहे, असं कळलंय. बाकीच्या एकोणीस जणींचं कसं भरून काढायचं ते समितीपुढे मांडतोय. या वेळी भजी ठेवणार नाही.

पाकिटं पाळकसाहेबांच्या हाती धाडतोय. मी स्वतः यायला हवं होतं, पण त्या बाईसमोर उभं राहायला मला तोंड नाही. लाज वाटते, अक्का. तुझा आशीर्वाद थांबला तेव्हापासून जेवण गोड लागत नाही, हे ग्लोरियाला सांगू नकोस, ती स्वयंपाकावर घेईल.

तुझाच,
याकोब


खडकीमळा
१९ डिसेंबर २०२५

चि. याकोब यास,
अक्काचा भरभरून आशीर्वाद, मागचा थकलेला धरून.

पैसे वाटून झाले. माझ्या ओट्यावर बसून, अर्ध्या सकाळीत. तुम्हाला जुलैपासून जमलं नव्हतं ते दुपारच्या जेवणाआधी संपलं. मग उरलेल्या दिवसाचं काय करावं ते मला कळेना, म्हणून पलंगावरची चादर ताठ घालून बघितली, जमली नाही.

नॅथनला कळवायला काय झालं ते लिहिते, बरंवाईट दोन्ही. गोजरबाईने घरावर पत्रा टाकला. तिघींनी दवाखान्याची राहिलेली कामं उरकली, एकीने तर सात वर्षं अंगावर काढलेलं ऑपरेशन करून घेतलं. दोघींनी मिळून शिलाई मशीन घेतलं. चौघींनी शेळ्या घेतल्या, हो, स्वतः बाजारात जाऊन, दात बघून, सहा हजाराला. एकीच्या नवऱ्याने निम्मे पैसे दारूत घालवले. एकीने मोठा मोबाईल घेतला. मोबाईलचा मला राग आला, दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. मग ती तो घेऊन आली आणि ऊसतोडीच्या टोळीतून हरवलेल्या आणि आता पुण्यात सापडलेल्या तिच्या मुलाचा चेहरा मला त्यात दाखवला, बोलत होता तो. मी माझं तोंड बंद केलं.

ह्याने गरिबी गेली का, असं तुमच्या अहवालात लिहायचं असेल तर लिही की नाही गेली. कांद्याचा रोज तेवढाच आहे आणि कोणाच्या नावावर जमीन आलेली नाही. पण वीस घरांतलं जे जिथे अडलं होतं, ते त्या घराने स्वतः ओळखून हलवलं. त्यातल्या दोघी चुकल्या म्हणशील, तर तुमची समिती किती चुकली तेही शेजारी लिही.

आता बनुबाई. तिला पाकीट दिलं. तिने पदराला हात पुसले आणि सही कुठे करायची विचारलं. मी म्हटलं, कुठेच नाही. फोटो कधी काढणार विचारलं. म्हटलं, नाही काढणार. कृतज्ञतापत्र? तेही नको. तिने पाकीट दोनदा उलटसुलट करून पाहिलं. मला वाटलं, काही चुकलं. मग खाली बसली आणि रडली, आवाज न करता. फी दुसऱ्या दिवशी भरून आली.

परवा संध्याकाळी पुन्हा आली आणि पत्र लिहून द्या म्हणाली. मी सांगितलं की आता कोणी मागितलेलं नाही. तेव्हा म्हणाली की म्हणूनच लिहायचंय. ते असं.

“गुरुजींना बनुबाईचा नमस्कार. निकिता नाताळाच्या सुट्टीला येनार हाय. पंचवीस तारखेला तुमचा सण, तवा सव्वीसला आमच्याकडं जेवायला या, बाईंना घेऊन. कोंबडी कापीन, बाजरीची भाकर हाय. मरियाबाई म्हन्तात तुमाला लाज वाटती. लाजायचं काय न्हाई, माझ्या घराला दार बी नीट न्हाई, तोंड लपवायला कुठं जागा बी न्हाई. या. फकस्त एक करा. येताना हातात काय बी आनू नका.”